लाकडी जमीन दबते, झुलते की खचलीय? दोष शोधण्याची आणि कायमच्या दुरुस्तीची रीत

‘पाय ठेवला की जमीन मऊ लागते’ या एका तक्रारीत तीन वेगवेगळे दोष दडलेले असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. दबणं म्हणजे पायाखालचा हातभर तुकडाच आत जातो, आजूबाजूची जमीन टणक असते. झुलणं म्हणजे चालताना सगळी खोली वरखाली होते, कपाटातल्या काचा किणकिणतात, पण पातळी लावली तर ती जवळपास बरोबर निघते. खचणं म्हणजे कोणी उभं नसतानाही मधला भाग किंवा एखादी बाजू खाली गेलेली असते. गोटी ठेवली की घरंगळते. दबत असेल तर बहुतेक वेळा वरचा प्लाय किंवा फळी गेलेली असते. झुलत असेल तर खालच्या कड्या गाळ्याच्या मानाने बारीक असतात. खचली असेल तर कडी, तुळई, खांब किंवा खांबाखालचा पाया यांपैकी कोणीतरी जागा सोडलेली असते.

कडी म्हणजे प्लायखालचं उभट लाकूड, तुळई म्हणजे कड्या ज्यावर टेकतात ते जाड लाकूड आणि गाळा म्हणजे दोन टेकूंमधलं मोकळं अंतर, एवढे तीन शब्द पुढे सतत येतील.

दुरुस्ती करूनही वर्षा-दोन वर्षांत जमीन पुन्हा मऊ पडते, ती दोन कारणांनी. एक तर खाली कडी कुजलेली असताना वरून नवा प्लाय ठोकला जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. किंवा लाकूड बदललं जातं, पण ते कुजवणारं पाणी तसंच झिरपत राहतं. दुसरा प्रकार जास्त. म्हणून क्रम मोडू नका: आधी पाणी, मग आधार, मग कड्या, आणि वरचा थर सगळ्यात शेवटी.

वरून काय कळतं

खडूने खोलीभर दर ६० सेंमीवर फुल्या मारा. प्रत्येक फुलीवर चवड्यांवर उठून धपकन टाचांवर खाली या. ठाशीव, बद्द आवाज आणि पायाला कडक धक्का बसला तर ती जागा ठीक. आवाज पोकळ आला किंवा शेजारी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी बराच वेळ हिंदकळत राहिलं, तर फुलीभोवती गोल करा.

आता पातळी मोजा. लेझर नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी पुरते, आणि मोठ्या खोलीत ती छोट्या स्पिरिट लेव्हलपेक्षा जास्त भरवशाची असते. नळी पारदर्शक हवी. पाणी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरा. पाणी एका रेषेत आलं नाही तर आत हवेचा बुडबुडा अडकलाय. तो काढल्याशिवाय घेतलेलं प्रत्येक माप खोटं. भिंतीवर एक खूण पक्की करून प्रत्येक फुलीची खोली मिलिमीटरमध्ये जमिनीवरच लिहा आणि वरून फोटो काढून ठेवा. हे आकडे दुरुस्तीनंतरही लागणार आहेत.

खड्ड्याचा आकार बरंच सांगतो. कड्यांच्या दिशेने जाणारी एकच अरुंद पन्हळ दिसली तर एखादी कडी मोडलीय किंवा कुजलीय. खोलगट भाग तुळईच्या रेषेवर असेल तर तुळई वाकलीय, आणि सगळ्यात खोल फुली नेमकी खांबावर आली तर खांबाचा पाया बसलाय. सगळी जमीन बाहेरच्या भिंतीकडे उतरत असेल तर भिंतीत शिरलेली कड्यांची टोकं किंवा त्यांच्याखालची बैठकीची पट्टी कुजली असण्याची शक्यता मोठी. सगळ्या कड्या मधोमध सारख्याच वाकल्या असतील तर गाळा जास्त आहे, किंवा नंतर वर एखादी भिंत उभी केलीय.

किती वाक चालतो? माणसं आणि सामान यांच्या वजनाखाली गाळ्याच्या ३६० व्या भागापर्यंतचा वाक सहसा स्वीकारला जातो. ३.६ मीटरच्या गाळ्याला १० मिमी. जुन्या घरात मात्र याहून जास्त कायमचा वाक दिसतो, कारण लाकूड वर्षानुवर्षांच्या ओझ्याखाली हळूहळू वाकतं आणि तसंच राहतं. असा जुना, थांबलेला वाक सहसा धोक्याचा नसतो. दार अलीकडेच घासायला लागणं, चौकटीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जाणं, स्कर्टिंगखाली नवी फट दिसणं, ही चालू खचण्याची लक्षणं आहेत.

खालून काय कळतं

जमिनीखाली पोकळी असेल तर आत शिरण्यावाचून गत्यंतर नाही. पोकळी नसेल तर खालच्या खोलीचं छत थोडं उघडा, नाहीतर जिथे दबतंय तिथला वरचा तुकडा कापा. टॉर्च, मास्क, हातमोजे आणि टोच्या बरोबर घ्या. साधा जाड स्क्रूड्रायव्हरही चालेल.

कडीत टोच्याचं टोक खुपसा आणि तंतूंच्या आडव्या दिशेने वर उचकटा. निरोगी लाकडातून कडाड आवाज करत लांब, तुसासारखी ढलपी सोलून निघते. कुजलेल्या लाकडात ढलपी जागच्या जागी आखूड तुटते आणि आवाज जवळजवळ येतच नाही. ही परीक्षा डोळ्यांपेक्षा खरी, कारण वरून रंग बदलायच्या आधीच आतला कस गेलेला असतो. वर फक्त काळा डाग आणि आत टोच्या घट्ट अडकतोय, तर ते नुसतं जुनं भिजणं. ती कडी काढायचं कारण नाही.

मॉइश्चर मीटर असेल तर एक आकडा कोरड्या, निरोगी जागेचा घ्या आणि मग संशयाच्या जागांचे. २० टक्क्यांखाली लाकूड कुजवणारी बुरशी वाढत नाही असं धरून चालता येतं. २८-३० टक्क्यांच्या वर लाकूड सतत राहिलं की कुजणं जोरात सुरू होतं. मधला आकडा आला तर लाकूड वाचवता येईल, पण पाणी आजच शोधायला हवं.

बुरशी, वाळवी आणि भुंगे यांची गल्लत करू नका. बुरशीने कुजलेलं लाकूड तपकिरी होऊन चौकोनी ठोकळ्यांत तडकतं, किंवा पांढुरकं, धाग्याधाग्यांचं होतं. जमिनीतून येणारी वाळवी पायावरून आणि खांबावरून मातीच्या बोटभर रुंद नळ्या चढवते; लाकडाचा वरचा पापुद्रा शाबूत राहतो आणि आत तंतूंच्या दिशेने पोकळ गल्ल्या पडतात. टकटक केली की डबा वाजल्यासारखं वाजतं. बारीक गोल भोकं आणि त्यांखाली पिठासारखा भुगा असेल तर भुंगे. भुगा ताजा, फिकट रंगाचा असेल तर कीड चालू आहे. वाळवीची नळी एका जागी फोडून ठेवा. काही दिवसांत ती पुन्हा सांधली गेली तर वस्ती जिवंत आहे. तेव्हा आधी कीटकनाशकाचं काम, सुतारकाम त्यानंतर.

आणखी एक दोष हमखास सापडतो, तो म्हणजे नळकाम करणाऱ्याने कडीत मारलेली खाच. कडीच्या वरच्या-खालच्या कडांवरच सगळा ताण-दाब येतो, म्हणून तिथला काप सगळ्यात महागात पडतो. गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात खाच चालत नाही. बाकी ठिकाणी ती उंचीच्या सहाव्या भागाहून खोल नको, म्हणजे २०० मिमी कडीत ३३ मिमी. भोक उंचीच्या तिसऱ्या भागापर्यंत चालतं, पण वरच्या आणि खालच्या कडेपासून निदान ५० मिमी आत. पाइपासाठी कडीचा वरचा निम्मा भागच उडवलेला आढळला, तर जमीन का झुलते याचं उत्तर तिथेच मिळालं.

टेकण्याची लांबीही मोजा. लाकूड किंवा लोखंडावर कडी निदान ३८ मिमी टेकायला हवी, विटा-काँक्रीटवर ७५ मिमी. जुन्या घरात भिंत सरकून हे अंतर बोटभर उरलेलं असतं. असं दिसलं तर ती जागा आधी टेकू देऊन बांधा, मग पुढचं बघा.

पाणी

दबणारी जागा कमोडच्या, टबच्या, शॉवरच्या, सिंकच्या किंवा बाहेरच्या दाराच्या आसपास असेल तर गळती आहे असंच धरा.

कमोड हलत असेल तर नुसते बोल्ट आवळू नका. खालची मेणाची रिंग एकदा दबली की पुन्हा फुगत नाही. कमोड उचलून नवीच टाकावी लागते. बाउलमध्ये खायचा गडद रंग टाकून चार-पाच वेळा फ्लश करा आणि बुडाशी व खालच्या बाजूला पांढरा कागद लावून ठेवा. एक खुबी लक्षात ठेवण्यासारखी आहे: जुन्या जमिनीवर टाइल्सचा थर चढवला की जमीन वर येते, पण पाइपाचा फ्लँज, म्हणजे कमोड ज्यावर बसतो ते पाइपाच्या तोंडाचं रुंद कडं, खालीच राहतो. मग रिंग तिथवर नीट पोचत नाही आणि प्रत्येक फ्लशला चमचाभर पाणी प्लायमध्ये मुरतं. फ्लँजवर वाढीव कडं बसवून तो तयार जमिनीच्या पातळीला आणला की ही गळती थांबते.

शॉवर आणि टबची परीक्षा टप्प्याटप्प्याने करा. पहिल्या दिवशी नळीने थेट निचऱ्याच्या तोंडातच पाणी सोडा. दुसऱ्या दिवशी टब ओव्हरफ्लोपर्यंत भरून रिकामा करा. तिसऱ्या दिवशी फक्त भिंतींवर आणि सांध्यांवर फवारा मारा. कोणत्या दिवशी खाली ओल आली यावरून निचऱ्याचा सांधा, ओव्हरफ्लोचं वायसर किंवा भिंतीचं सीलंट यांतला दोषी ठरतो. सगळं एकाच दिवशी केलं तर काहीच ठरत नाही.

जवळ नळ नसताना सगळ्या कड्या सारख्याच ओल्या असतील तर ओल मातीतून येतेय. पोकळीतल्या मातीवर १५० मायक्रॉन किंवा जाड पॉलिथिन अंथरा, सांध्यांवर ३० सेंमी चढवा, भिंतीवर १५ सेंमी वर घेऊन चिकटवा. उघड्या मातीवरच्या पोकळीला हवेचे झरोके जमिनीच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतके हवेत; ३० चौरस मीटरला ०.२ चौरस मीटर, समोरासमोरच्या भिंतींत वाटलेले. बाहेरची माती घराकडून दूर उतरती करा, पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंमी. छताच्या पन्हळीचं पाणी पायाशी पडत असेल तर बाकी सगळा खर्च पाण्यातच.

गळती बंद झाल्यावर लाकूड लगेच झाकू नका. पंखा लावून आकडा २० टक्क्यांखाली येईपर्यंत थांबा. शाबूत उरलेल्या लाकडाला बोरेटचं द्रावण पाकिटावरच्या मात्रेने दोन हात द्या. ते बुरशी आणि कीड दोन्हींवर चालतं, पण सतत पाणी लागलं की धुऊन जातं. म्हणजे गळतीला तो पर्याय नाही.

आधार आणि उचलणं

वर भार घेणारी भिंत असेल, दोनाहून जास्त लागून असलेल्या कड्या गेल्या असतील, पायाचा तडा रुंदावत असेल किंवा खचणं २५ मिमीच्या वर असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय जॅकला हात लावू नका. बाकीचं काम धीर असलेला माणूस करू शकतो. घाई करणाऱ्याने करू नये.

खचलेल्या कड्यांना आडवी अशी जाड तात्पुरती तुळई खालून लावा, म्हणजे भार एका कडीवर एकवटत नाही. जॅकखाली मातीवर नुसती फळी नको. जाड लाकडांची आडवी-उभी चळत रचा. हायड्रॉलिक जॅक उचलायला चांगला, धरून ठेवायला वाईट. तेलाचा दाब हळूहळू उतरतो. उचललं की लगेच भार स्क्रू जॅकवर किंवा लोखंडी टेकूवर द्या. नुसत्या जॅकवर तोललेल्या वजनाखाली शिरू नका.

दिवसाला २ ते ३ मिमी, त्याहून जास्त नाही. रोज उचलल्यावर वरच्या खोल्यांत फेरी मारा: दारं अडतात का, प्लास्टरला नवा तडा गेला का, पाइपाचे सांधे ताणले गेले का. आधीच वाकून कडक झालेली कडी पूर्ण सरळ करायचा हट्ट धरला तर वरच्या भिंती फाटतात. निम्मा वाक परत मिळाला आणि पुढचं खचणं थांबलं तर काम झालं असं समजा.

कायमचा खांब द्यायचा असेल तर त्याखाली काँक्रीटचा पाया हवा. हलक्या घरगुती भाराला ६० × ६० × ३० सेंमी हे माप बरेचदा वापरलं जातं. माती भुसभुशीत असेल तर मोठा. लाकडी खांब काँक्रीटवर थेट टेकवू नका, मधे लोखंडी बूट द्या. नाहीतर खांबाचं बूड ओल पिऊन कुजतं आणि काही वर्षांनी तीच फुली पुन्हा खाली जाते.

कडीला जोडकडी

मोडलेल्या किंवा अर्धवट कुजलेल्या कडीला शेजारून तितक्याच उंचीची नवी कडी जोडणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. शक्य असेल तर ती एका टेकूपासून दुसऱ्या टेकूपर्यंत अखंड न्या. तेवढी जागा नसेल तर दोषाच्या दोन्ही बाजूंना निदान ९० सेंमी पुढे जायला हवी. कुजणं टोकाशी असेल तर मात्र नव्या कडीचं टोक स्वतः टेकूवर बसलंच पाहिजे. लटकती जोडकडी फक्त समाधान देते.

जुन्या कडीचा कुजका भाग दिसतो त्याच्या पुढे ३० सेंमीपर्यंत तासून काढा, उरलेल्याला बोरेट लावा. नवी कडी आडवी ठेवून एका कडेने नजर लावा. जिकडे तिचा नैसर्गिक बाक फुगलेला असेल ती बाजू वर ठेवा. भार आला की ती सपाट होते, उलटी बसवली तर आणखी वाकते. कडी पूर्ण उंचीची असली की आत फिरवताना वर प्लायला अडते; टोकांचे वरचे कोपरे तिरके छाटले की बसते. मधे बांधकामाचा गोंद नागमोडी ओळीत लावा, शिकंज्याने आवळा आणि १२ मिमीचे बोल्ट मोठ्या वायसरसह दर ४० सेंमीवर एक वर, एक खाली असे आलटून-पालटून घाला. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू इथे वापरू नका. कापणारा जोर आला की ते वाकत नाहीत, खटकन तुटतात. तांब्याच्या औषधाने मुरवलेलं लाकूड असेल तर खिळे-बोल्ट गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसच घ्या.

खोली नुसती झुलत असेल तर थोडं गणित कामी येतं. त्याच मापाची जोडकडी दिली की ताठरपणा दुप्पट होतो. पण उंची १५० वरून २०० मिमी केली तर एकट्या त्या कडीचाच ताठरपणा जवळपास २.४ पट होतो, कारण तो उंचीच्या घनाने वाढतो. आणि मधोमध एक तुळई देऊन गाळा निम्मा केला तर पसरलेल्या वजनाखालचा वाक सोळावा हिस्सा उरतो, एका पावलाखालचा आठवा. खाली जागा असेल तर मधली तुळईच सगळ्यात स्वस्त पडते. कड्यांमध्ये घट्ट बसवलेले आडवे ठोकळे एका कडीवरचं पाऊल शेजारच्या कड्यांवर वाटून देतात आणि कडी पिळवटू देत नाहीत, पण वाकलेली कडी त्यांनी ताठ होत नाही. ते ढिले बसले तर फक्त करकर वाढते.

वरचा तुकडा बदलताना

जुनं विनाइल किंवा त्याखालचा काळा डिंक असेल तर खरवडण्याआधी त्यात ॲस्बेस्टस नाही ना हे तपासून घ्या.

मऊ भागापेक्षा मोठा चौकोन आखा, दोन बाजू कड्यांच्या मध्यरेषेवर येतील असा. करवतीचं पातं प्लायच्या जाडीइतकंच खाली सोडा. खाली वायर आणि पाइप असू शकतात. ज्या बाजूंना कडी मिळत नाही तिथे कड्यांच्या मधे आडवे ठोकळे बसवा, प्लायच्या प्रत्येक कडेखाली लाकूड असलंच पाहिजे. कड्या ४० सेंमीवर असतील तर १८ मिमी प्लाय घ्या, जुना जाड असेल तर जुन्याइतकाच. पार्टिकल बोर्ड ओल्या जागी पुन्हा टाकू नका; एकदा फुगला की तो वाळूनही मूळ जाडीवर येत नाही. वरच्या पापुद्र्याचे तंतू कड्यांना आडवे ठेवा, तुकडा निदान तीन कड्यांवर बसू द्या आणि सांध्यांत ३ मिमी फट सोडा. गोंद लावून ५० मिमीचे स्क्रू कडांवर दर १५ सेंमीवर, आत दर ३० सेंमीवर.

जुना प्लाय आणि कडी यांत फट राहून करकरत असेल तर पातळ पाचर गोंद लावून बोटाने सरकवा. हातोडीने ठोकली की प्लाय वर उचलला जातो आणि शेजारच्या कडीवर नवी फट तयार होते.

खचलेल्या जमिनीवर सेल्फ-लेव्हलिंग काँपाउंड ओतून ती सपाट करण्याचा मोह फार जणांना होतो. १२ चौरस मीटरच्या खोलीत सरासरी १० मिमी थर दिला तर दोनशे किलोच्या वर वजन त्याच थकलेल्या कड्यांवर चढतं, आणि सगळ्यात जाड थर नेमका सगळ्यात कमजोर जागी बसतो. कड्या भक्कम झाल्यावर उरलेल्या दोन-चार मिलिमीटरसाठी ते ठीक आहे.

काम संपलं की त्याच फुल्यांवर पुन्हा पातळी घ्या, आकडे आणि तारीख कडीच्या बाजूवर पेन्सिलीने लिहा, शेजारी ओलाव्याची टक्केवारी. महिन्याने एकदा आणि पुढचा ओला मोसम सरल्यावर एकदा मोजा. एकाच खांबावरची फुली ३ मिमी उतरली असेल तर त्याचा पाया अजून बसतोय. स्क्रू जॅक अर्धा फेरा वर घेण्याआधी तो पाया खणून बघा. फुल्या जागच्या जागी, पण टक्केवारी पुन्हा चढलेली असेल, तर रंग आणि कागद घेऊन कमोडपाशी परत जा.